तीन डब्या, एकच मूल

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखान्याचे अधीक्षक, मंचावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो त्या प्रयोगशाळेतल्या आपल्या ताई,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. डॉक्टरचे दोन शब्द म्हणजे किती, ते बाहेर बाकावर ताटकळणाऱ्या पेशंटना विचारा.

ताईंनी तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली काय पाहिलं, ते जेवणाआधी सांगू नये. पण जंतांची अंडी वगळून ताईंची गोष्ट सांगायची कशी?

एका आईची तीन मुलं. थोरली आठ वर्षांची, सारखं पोट दुखतं म्हणायची. मी तिघांचीही शौचाची तपासणी लिहून दिली. आईने तीन डब्या आणल्या, तिन्हींवर नावं. तिन्ही रिपोर्ट स्वच्छ. शाळा बुडवायची नाटकं, असं निदान करून मी मोकळा झालो.

तेवढ्यात ताई आत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, तिन्ही डब्यांत टोमॅटोची तीच साल, तोच रंग. ही तीन मुलं नाहीत, एकच आहे."

मी म्हणालो, तुम्ही काचा बघा, लोकांची घरं नका बघू.  ताई मात्र दुसऱ्या दिवशी कामावर येण्याआधी त्या मुलांच्या घरी जाऊन आल्या. आदल्या दिवशी थोरल्या दोघींना शाळेची घाई, धाकटा पॉटवर बसलेला. आईने त्याचंच तिन्ही डब्यांत भरलं होतं. एका घरातली, एका ताटातली मुलं, वेगळं काय निघणार, असा तिचा हिशोब. हसू नका, मलाही शंका आली नव्हती.

ताई थोरलीची खरी डबी घेऊन आल्या, सोबत तिलाही घेऊन आल्या. काचेवर अंडीच अंडी. पोरगी पहाटेपासून ओकत होती, पोट फुगलेलं. जंतांचा गोळा आतड्यात अडकला होता. मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोचली, म्हणून वाचली.

पुढे वरिष्ठ कार्यालयाचं कौतुकाचं पत्र आलं. डॉक्टरांच्या सतर्कतेबद्दल, माझ्या नावाने. मी ते फ्रेम करून लावलं. चुकून नव्हे, मला ते आवडलं होतं. अकरा वर्षं ताई रिपोर्ट द्यायला त्याच भिंतीसमोर उभ्या राहिल्या, पण चकार शब्द काढला नाही.

ताई, सतर्क तुम्ही होतात. मी तुम्हाला गप्प केलं होतं. मला त्याची लाज वाटते. गेल्या महिन्यात मी पत्रावरचं नाव बदलून मागितलं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतोय.

आयोजकांचे आभार. भाषणात चुकलं-माकलं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बाकीची माफी मी एकट्या ताईंकडे मागतो. ती द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.