आतल्या फायलीला हात

...आणि वर ऑफिसातले मलाच विचारतात, "मॅडम, तुम्ही तपासलं नव्हतंत का?" अहो, काय तपासणार, कपाळ! सांगते, ऐका. आमची कंपनी लसींच्या फ्रिजवर बसवायचा डबा बनवते. तापमान दाखवतो, बिघडलं की बोंबलतो. त्यातला प्रोग्राम माझा, चार वर्षं बिनतक्रार! आता त्या डब्याच्या पोटात असतो कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा हलवणारा मूळ प्रोग्राम. त्याच्या हेडर फायली असतात, कुठली माहिती कितव्या जागी ठेवलीय ते लिहिलेल्या. पण त्या त्याच्या घरगुती वापराच्या हो, आज एक तर उद्या दुसरंच! आपण लायब्ररीबरोबर, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या संचाबरोबर, येतात त्या पारखलेल्या फायली घ्यायच्या, अगदीच अडलं तर हवी तेवढी व्याख्या उतरवून आपल्या प्रोग्रामशेजारी ठेवायची, आणि गप्प बसायचं. आतल्या फायलीला हात लावायचा नाही! कळायला इतकं अवघड आहे का हे?

पण आमच्या ऑफिसात एक सर्वज्ञ आहेत. मी तीन दिवस रजेवर, बहिणीच्या बाळंतपणाला... तेवढ्यात यांनी काय करावं? माझ्या मशीनवरच्या फायली उडवल्या आणि थेट नव्या कोऱ्या कर्नलच्या आतल्या फायली जोडून दिल्या! का? तर नाकातून म्हणतात कसे, "अहो, जुनं कशाला? माणसानं ताजं वापरावं!" ताजं? भाजी आहे का ती? आणि कंपाइल झालं हो, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरलं, एकही चूक न दाखवता! तिथंच घात झाला. नव्या फायलीत तापमानाची जागा एक घर पुढे सरकलेली, डब्यातला कर्नल मात्र जुनाच. प्रोग्राम बिचारा भलत्याच घरात हात घालून सापडेल ते तापमान म्हणून वाचतोय! आणि तो प्रोग्राम यांनी दवाखान्यांना पाठवूनही दिला. म्हणून म्हणते, आतल्या फायलीला हात लावू नका!

रजेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन. रडकुंडीला आलेली. "ताई, डबा नव्वद अंश दाखवतोय, साडेचारशे बाळांच्या लसी आहेत आत, बाहेर आया रांगेत उभ्या आहेत... फेकून देऊ सगळं?" मी किंचाळले, "थांबा! साधा काचेचा थर्मामीटर ठेवा आत!" दहा मिनिटं फोन कानाला. पलंगावरून बहीण विचारतेय, "अगं, कोण गेलं?" मी म्हटलं, "अजून कोणी नाही, पण ऑफिसात पोचले की एक जण जाणार आहे!" मग सिस्टरचा आवाज आला, "ताई... पाच अंश." पाच! म्हणजे लसी ठणठणीत! मी पिशवी उचलली आणि तशीच निघाले.

त्याच दुपारी ऑफिसात. फायली जागेवर ठेवल्या, प्रोग्राम पुन्हा पाठवला, आणि सर्वज्ञांसमोर जाऊन उभी राहिले. "कुणाला विचारून आतल्या फायलीला हात लावलात?" तर हसतात! "अहो, कंपाइल तर झालं होतं ना?"

काल मीटिंग झाली. मोठ्या साहेबांनी टेबल ठोकून नियम काढला, यापुढे सगळ्यांनी लायब्ररीच्याच फायली वापरायच्या. मला वाटलं, सुटले बाई! तेवढ्यात साहेब सर्वज्ञांकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि यावर देखरेख हे करतील. त्यांना या विषयाचा प्रत्यक्ष अनुभव आहे."

वाजवल्या मग टाळ्या. काय करणार, पहिल्या रांगेत बसले होते ना...