घरच्या बोर्डातली चूक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, माझ्या डिझाइन विभागातले सहकारी आणि समोर बसलेले सर्व स्नेहीजन,

निवृत्तीच्या या सत्काराला उत्तर द्यायला उभा आहे. चौतीस वर्षं मी इथे सर्किट बोर्डांचे आराखडे तपासले. माझ्या माघारी मला 'लाल पेन' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. बघा, अध्यक्ष महोदयही हसताहेत!

विभागाने आज मला भेट म्हणून एक बोर्ड दिला. त्यामागची हकिगत थोडी घरगुती आहे. आमच्याकडे रेडिओ, टेप आणि टीव्ही, पण स्पीकर एकच. दर वेळी मागच्या वायरी उपसायच्या. आमची ही वैतागायची. म्हणून मी एक छोटा स्विचर केला. बटण फिरवा, हवं ते ऐका. साधं काम, आणि तिथेच मी माती खाल्ली. बोर्डावर रेडिओ आणि टेपच्या तांब्याच्या रेषा एकमेकींना खेटून नेल्या, मध्ये एकीचा आवाज दुसरीत झिरपू न देणारी ग्राउंडची पट्टी सोडायलाच विसरलो. तुमच्यापैकी कोणी असं केलं असतं, तर मी पास केला असता तो बोर्ड?

दूर राहणाऱ्या नातीसाठी ही टेपवर गोष्टी भरायची. भरलेली टेप लावून ठेवली, की रेडिओवरच्या बातम्यांमागून तिचा बारीक आवाज यायचा. ती मला म्हणायची, "अहो, जगाचे बोर्ड तपासता, घरचा कधी?" मी म्हणायचो, "करतो गं, रविवारी." असे किती रविवार गेले.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. बटण टेपवर ठेवलं की ती नुसती टेप असते, पुढचं वाक्य मला पाठ आहे. म्हणून मी बटण रेडिओवर ठेवतो आणि टेप चालू सोडतो. मग बातम्यांच्या मागे, शब्द कळणार नाहीत इतपत, ती बोलत राहते. स्वयंपाकघरात आहे असं वाटतं. घर खायला उठतं हो. उद्यापासून तर दिवसभर.

कॅन्टीनमध्ये मी चूक तेवढी सांगितली होती, हे सांगितलं नव्हतं. म्हणून या गुणी मंडळींनी नवा बोर्ड केला. मघाशी तो हातात आल्या आल्या मी तपासला, सवय! एकही लाल खूण करता आली नाही. दुसरा आवाज औषधालाही सापडायचा नाही.

मंडळी, राग मानू नका, मी तो घरी लावणार नाही. विभागातच ठेवा आणि नव्या लोकांना दाखवा.

आपण वेळ काढून आलात, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि कधी घरी आलात, बातम्यांच्या मागे कोणी बोलताना ऐकू आलं, तर कृपा करून दुरुस्त करायला जाऊ नका.