चिमणीचे भरभर घास

…चावून खा म्हणे! आता तुम्हीच सांगा, मी बस चालवणारा माणूस, दोन फेऱ्यांच्या मधे धावत घरी येतो, चार घास कोंबतो, परत पळतो, मी रवंथ करत बसलो तर बस काय तुम्ही ढकलणार? पण मला नव्हतंच ते. आमच्या चिमणीला होतं! चिमणी म्हणजे आमची लेक, पाच वर्षांची, नावालाच चिमणी… उचलायला गेलं की कंबर म्हणते, जरा जपून!

डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं… तुम्हाला सांगतो, सिग्नल तोडला तरी पोलीस असं बघत नाही! "वयाच्या मानानं वजन फार आहे. जेवते कशी?" बायको फटकन म्हणाली, "बापासारखी! ताट वाढलं की साफ!" "तिथंच चुकतंय. भरभर गिळलं की पोट भरलेलं कळायच्या आत जास्तीचं जातं. चावून खायला लावा."

चावून खा म्हणे! घरी आलो तर आई दारातच, "काट्याला काय कळतंय? बाळसं आहे ते! दृष्ट लावाल पोरीला!"… आणि वाढला की आणखी भात!

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. म्हटलं, "चिमणे, चावून हं." तिनं शहाण्यासारखी मान हलवली आणि… गट्ट! "अगं, चावून!" गट्ट! आणि लागला ठसका! डोळे पांढरे, तोंड लाल, बायको पाठ चोळतेय, आई पाणी पाजतेय! मग ओरडलोच, "ताट पळून चाललंय का तुझं?"

तर म्हणते कशी, "ताट नाही… तूच जातोस ना, बाबा. जेवण झालं की खेळू म्हणतोस, आणि मी हळू जेवले की तुझी वेळ होते."

हातातला घास तसाच ताटात ठेवला आणि उठलो!

गेलो डेपोत साहेबांकडे. "साहेब, मधली सुट्टी थोडी वाढवा." "कशाला?" "मुलीला चावायचंय!" साहेब म्हणाले, "मग प्रवाशांनी काय करायचं, स्टॉपवर उभं राहून मोजायचं का तिचे घास?"

झालं! आता आम्ही बापलेक समोरासमोर बसून चावतो. ती चावते, मी चावतो, ती माझ्याकडे बघते, मी घड्याळाकडे… ताट संपतं तेव्हा निघायची वेळ झालेली असते. खेळ बंद! डॉक्टरीणबाई मात्र खूश, म्हणाल्या, वजन वाढायचं थांबलंय. थांबेलच.

काल मी चपला घालतोय, तर ही दारात येऊन विचारते, "बाबा, मी बारीक झाले की मग परत भरभर जेवायचं ना?"

"बघू" म्हटलं… आणि पळालो.