मकबऱ्यात पेटलेली चूल

मंडळी, जरा पुढं सरका. खांबाला टेकलेले आजोबा, तुम्हीसुद्धा या. तिथं झोप छान लागते, मला ठाऊक आहे. आज लांबच्या मुलखातली गोष्ट सांगतो. पण आधी सांगा – आसरा द्यायला लागतं काय? मोठं घर?

ऐका. बलुचांचा मुलूख. उघडे डोंगर, काळे तंबू. तिथला सरदार मीर जिहंद. त्यांच्यात कायदा असा – वैरी का असेना, घरात शिरून आसरा मागितला की त्याच्यासाठी जीव द्यायचा. आणि घर कुठलं? तंबू आज इथं, उद्या तिथं. म्हणून जिथं चूल पेटते, ते घर.

म्हातारपणी मीरनं स्वतःचा मकबरा बांधायला घेतला. निळ्या फरशांचा घुमट. हसू नका, आपणही रिटायर व्हायच्या आधीच फ्लॅट बुक करतो!

एका दुपारी हैबत नावाचा मेंढपाळ धापा टाकत आला नि थेट त्या घुमटात शिरला. शेजारचा सरदार नोतक. त्याच्या राखीव विहिरीचं पाणी हैबतनं तहानलेल्या वाटसरूंना पाजलेलं. मागोमाग नोतक, त्याचे घोडेस्वार, उपसलेल्या तलवारी.

मीर दारात आडवा आला. "हा माझ्या घरात आहे, नोतक."

"घर? मीरसाहेब, हे थडगं. इथं चूल कुठाय? दाखवा, नाहीतर व्हा बाजूला."

कायदा मीरचाही तोच – चूल नाही, तर घर नाही. तरी तो दारातून हलला नाही.

"अहो, सरका जरा." मीरची बायको, माहनाज. हातात खापरात निखारे, काखेत पिठाचं भांडं.

"अगं, इथं चूल? अपशकुन आहे."

"मेल्यावर इथंच राहायचंय ना? मग आजपासून राहू. हैबत, ते दगड ओढ इकडं. नोतकभाऊ, ऊन फार आहे, टेका. भाकरी होतेच."

आणि मंडळी, निळ्या घुमटातून धूर निघाला! पहिली भाकरी हैबतच्या हातात पडली. मीर ताठ उभा राहिला. म्हणाला, "बोल आता."

नोतकनं तलवार म्यान केली. "वहिनी, तुमच्या घरात तलवार चालवायची तर मला आधी बलुच असणं सोडावं लागेल." घोडा वळवून गेला.

पुढं मीर त्याच घुमटात कायमचा निजला. लोक येतात, फरशा बघतात, मीरचं नाव घेतात. घ्यावंच. पण त्या थडग्याचं घर केलं ते माहनाजच्या चुलीनं. आणि आपल्या दारात कुणी आलं, की आपण जाळीतूनच विचारतो, "काय काम आहे?" देव आला तरी त्याला आधी कामच सांगावं लागेल!

उद्या सकाळी गॅस पेटवाल, तेव्हा एवढं करा – क्षणभर माहनाजची आठवण काढा.