सुती अंगरखा

शिवजयंतीच्या सकाळी पन्हाळ्याच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

"पद्माक्का, शेवटी सासूनं सोडलं व्हय मिरवणुकीला?"

"हळू बोल, जरीना. काल दुपारी त्यांनी माझी ट्रंक उघडली की."

"अगं बया. अंगरखा गावला?"

"अंगरखा, शेला, सगळं. हौसेनं वरीसभर चोरून शिवलेलं. म्हटलं, आता मालकांच्या पुढं न्हेऊन टाकतील, आन् आमचं सरदार व्हायचं हितंच संपलं."

"मग?"

"दारातल्या उजेडात बसून एकेक शिवण चाचपली. आन् एकच इचारलं, रेशीम हाय का?"

"तुम्हा जैनांत किडे मारून काढलेलं अंगाला लावत न्हाईत, न्हवं."

"व्हय. म्हटलं, आत्याबाई, सूत हाय, इचलकरंजीचं. नुसती चमक हाय त्येला, पाण्यावरच्या उनागत."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मग घाल की. बगलेत काचंल, तेवढं सैल कर."

"सुटलीस बाई. आन् पगडी कुठं ठेवलीस? ह्या गर्दीत चेंगरंल की."

"ती बघ, पुढं खिडकीला. आत्याबाईंच्याच मांडीवर हाय. मलाबी हात लावू देत न्हाईत."