आमच्या पोस्टाचे खातेदार

मला तोंडाळ म्हणता ना, मग माझी बोबडी वळली तेव्हाचं ऐका. भोसरीजवळच्या आमच्या गावचं पोस्ट बंद करायचं घाटत होतं. साहेब चौकशीला आले, तेव्हा भर चावडीत माझे चुलते आप्पा म्हणाले, "पत्रं येत्यात चार. ऱ्हायलं काय नि गेलं काय."

मी कॉलेजात शिकलेली, गप्प कशी बसणार? "साहेब, पोस्टात लोकांची बचत आहे. खातेदारांना हात वर करायला सांगा."

एकही हात वर झाला नाही. तेव्हा मला उमगलं. खाती सगळी बायकांची होती, घरच्यांना चोरून उघडलेली. पोस्ट गेलं की ते पैसे परत घरात, म्हणजे पुरुषांच्या हातात. बायका दाराशी पदर सावरत उभ्या. साहेबांनी 'पोस्ट बंद' असा शेरा लिहायला पेन उघडलं. माझी बोबडी वळली ती इथं: मी नावं घेतली तर त्यांचं गुपित फुटणार, नाही घेतली तर पोस्ट जाणार.

"माझं हाय खातं," आप्पांची बायको, आमची काकू म्हणाली. मग तिच्यामागे एकेक हात वर झाला आणि साहेब नावं लिहू लागले.

आप्पा वळले. "तुझं? किती हायेत त्यात?"

"पोस्टमास्तरांना इचारा. त्ये सांगत न्हाईत, म्हणून तर तिथं ठिवल्यात."