आबांचा खोकला परदेशात

सायटेशन, म्हणजे आपल्या शोधनिबंधाचा इतरांनी दिलेला दाखला, याचा खरा अर्थ मला माझ्या वडिलांनी, आबांनी शिकवला. आबांचा सगळा जन्म कबनूर गावात यंत्रमागावर राबण्यात गेला. मी छातीची डॉक्टर झाले आणि मागावरच्या धुळीनं कामगारांची फुप्फुसं कशी बिघडतात, यावर शोधनिबंध लिहिला. त्यासाठी केलेल्या तपासणीला सगळ्यात आधी आबाच बसले होते.

परवा मी त्यांना सांगितलं, "आबा, परदेशातले डॉक्टर आता त्यांच्या लेखांत माझ्या निबंधाचा दाखला देतात."

"म्हंजे त्यांनी वाचलाय?"

"व्हय की!"

आबा तडक दारात गेले आणि शेजाऱ्यांना ओरडून म्हणाले, "ऐकलंसा काय? जलमभर खोकलो, मालकानं कधी इचारलं न्हाय. पोरीनं लिवलं, आता परदेशातलं डाक्टर वाचाय लागल्यात!"